दिग्रसच्या केबलवरचा शेअर बाजार

सुधाताई कोलते पहिल्यांदा माझ्या गच्चीवर आल्या त्या भांडायला. जिन्याचा कठडा धरून धापा टाकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "राठोड तुम्हीच का? तुमच्या साड्यांच्या दुकानानं माझे भाव झाकलेत."

मला आधी काही कळेना. मग लक्षात आलं. केबलवाले लोक तेव्हा चालू कार्यक्रमाच्या खालच्या बाजूला गावातल्या जाहिरातीची पट्टी चढवायचे. नियमात बसायचं नाही, पण आमच्या पट्ट्यातले सगळेच करायचे. मीही शालू-पैठणीची एक जाहिरात सगळ्या चॅनलवर चढवली होती. शेअर बाजाराच्या चॅनलवर नेमकं तिथेच कंपन्यांचे भाव सरकत असतात. सुधाताईंना दिवसभर भावांच्या जागी शालू सरकताना दिसत होते.

मी जाहिरात वरच्या कोपऱ्यात नेली. ताई खाली उतरल्या, घरी जाऊन टीव्ही पाहिला, आणि फोन करून म्हणाल्या, "आता दिसतंय. आभारी आहे." केबलवाल्याला आभाराचा फोन येणं म्हणजे काय, ते केबलवाल्यालाच कळेल.

माझा जन्म बंजारा तांड्यावरचा. शिकायला म्हणून दिग्रसला आलो आणि तारांच्या नादी लागलो तो कायमचाच. गच्चीवर डिशच्या छत्र्या, त्याखाली पत्र्याची खोली. तिला आम्ही कंट्रोल रूम म्हणत असू. तेव्हा प्रत्येक चॅनल पकडायला वेगळं यंत्र लागायचं आणि यंत्रं मोजकीच. नवं चॅनल सुरू करायचं तर जुनं एखादं बंद करावं लागे. त्यामुळे गावानं काय पाहायचं हे बऱ्याच अंशी माझ्या खोलीत ठरायचं. सिनेमाचं चॅनल काढलं तर बायका घरी येत. क्रिकेटचं गेलं तर पोरं तारच तोडत. बाजाराचं चॅनल काढलं असतं तर गावात दोनच माणसं भांडली असती. एक सुधाताई, दुसरा गजाननभाऊ.

सुधाताई सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. यजमान वकील होते, ते गेल्यावर त्यांची जी काही शिल्लक होती ती सांभाळायची म्हणून त्या शेअर बाजार शिकल्या. त्यांच्या घरी तार बदलायला गेलो तेव्हा टीव्ही चालू होता आणि आवाज पूर्ण बंद. मला वाटलं स्पीकर गेला. मी मागून खोलायला लागलो तर म्हणाल्या, "असू द्या, मीच बंद केलाय."

"मग पाहता काय ताई?"

"भाव पाहते. बातमीची ओळ आली तर वाचते. राठोड, बाजार सकाळपासून दुपारपर्यंत उघडा असतो, म्हणून यांना तेवढा वेळ बोलावंच लागतं. रोज सांगण्यासारखं कुठून आणतील?"

गजाननभाऊचं याच्या उलट. त्याचं बसस्टँडच्या मागे कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. आम्ही एका वसतिगृहात वाढलो, एका ताटात जेवलो. त्याच्या दुकानात काउंटरच्या वर टीव्ही, आवाज एवढा की गिऱ्हाइकाला औषधाचं नाव ओरडून सांगावं लागे. सूट घातलेला कोणी तज्ज्ञ 'घ्या' म्हणाला की भाऊचा हात फोनकडे जाई. "परकाश, हा माणूस लय अभ्यासू हाय," असं तो दर आठवड्याला नव्या माणसाबद्दल म्हणायचा. कधी मिळवायचा, कधी घालवायचा. मिळालं की दुकानात सगळ्यांना चहा. घालवलं की कोणाला सांगायचा नाही, पण मला समजायचं, कारण त्या दिवशी टीव्हीवर भजन लागलेलं असे.

माझं गावापुरतं एक चॅनलही होतं. वाढदिवस, हरवले-सापडले, आणि संध्याकाळी बाजारभाव. कॉटन मार्केटमधून कापूस, सोयाबीन, तुरीचे भाव मी स्वतः आणायचो आणि वाचायचो. मोठ्या चॅनलवर सोनं असतं, तेल असतं, शेअर असतात. कापसाला फार तर दोन ओळी, त्याही कुठल्या दूरच्या देशातल्या. दिग्रसच्या माणसाला आज गाडी घेऊन जायचं की नाही हे त्यातून कळत नाही. म्हणून माझं बातमीपत्र चाललं. त्याचा एकुलता एक प्रायोजक म्हणजे गजाननभाऊचं कृषी केंद्र.

पुढे लोकांच्या फोनवर शेअर खाती उघडली. ज्यांनी कधी बाजाराचं नाव घेतलं नव्हतं ते मास्तर, कंडक्टर, कापसाच्या जिनिंगमधले कारकून मला विचारायला लागले, "भाऊ, शेअरचंही सांगा ना थोडं." मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. मी सुधाताईंकडे गेलो.

"मी सांगेन," त्या म्हणाल्या, "पण घ्या-विका सांगणार नाही. त्याला सरकारदरबारी नोंदणी लागते, आणि नोंदणी असती तरी सांगितलं नसतं."

"मग सांगाल काय?"

"काय झालं ते. आणि ते कुठे पाहायचं ते."

त्यांचं पहिलं बातमीपत्र मला अजून आठवतं. काठाची साडी, नाकावर चष्मा, मान ताठ. म्हणाल्या, "आज बाजार खाली आला. का आला ते मला ठाऊक नाही. टीव्हीवर चार जणांनी चार कारणं दिली, ती एकमेकांशी जुळत नाहीत." आणि नमस्कार करून संपवलं. लगेच फोन सुरू झाले. "बाईले मालूम नाही तर सांगते कायले?"

पण हळूहळू लोक ऐकू लागले. ताईंची पद्धत साधी होती. अर्थसंकल्पाच्या दिवशी त्या बाजाराचं चॅनल लावत नसत. सरळ संसदेचं लावत आणि भाषण शेवटपर्यंत ऐकत. कंपनीबद्दल काही कानावर आलं की शेअर बाजाराच्या स्वतःच्या वेबसाइटवर जात. तिथे कंपन्यांना आपली प्रत्येक मोठी गोष्ट कळवावी लागते, ती कोणालाही फुकट वाचता येते. भाषा रुक्ष असते, चित्रं नसतात, म्हणून कोणी फिरकत नाही. "सगळ्यांच्या आधी इथे येतं," त्या म्हणायच्या, "मग ते टीव्हीवर जातं, मग फोनवर. दर पायरीला थोडा मसाला पडतो."

मीही पाहायला शिकलो. चॅनलवर बोलणाऱ्याकडे तो शेअर आहे का हे तो सांगतो की लपवतो. काल चुकलेला आज 'मी चुकलो' म्हणतो का. असे म्हणणारे थोडे असतात. आम्हाला दोन-तीन सापडले, त्यातली एक मुलगी फोनवर छोटे व्हिडिओ करायची, कंपनीचे अहवाल उघडून दाखवायची. तिला बघणारे फारच कमी. तिच्या शेजारीच 'उद्या सकाळी हा शेअर घ्या' म्हणून डोळे विस्फारलेल्या माणसाला लाखो.

मग ती सौर पंपवाली कंपनी आली.

गजाननभाऊ एका दुपारी मिठाईचा डबा घेऊनच गच्चीवर आला. फोन माझ्यापुढे धरला. त्यात आमच्याच त्या बाजाराच्या चॅनलवरचा एक नावाजलेला तज्ज्ञ बोलत होता. कंपनीचं नाव घेऊन म्हणत होता, माल चांगला आहे, गावोगाव मागणी वाढणार आहे, येत्या काही वर्षांत या धंद्याला मरण नाही. तेवढ्यात व्हिडिओ संपला.

"शेअरच्या ग्रुपवर आला," भाऊ म्हणाला. "म्या घेतला. साळ्यालेही घेऊन देला. रोज वर जाऊन राह्यला, पाह्य! हे तुह्या चॅनलवर दाखव. गावाचं भलं होऊ दे."

मी पुन्हा व्हिडिओ लावला. काहीतरी खटकत होतं. तज्ज्ञाचं बोलणं मला फारसं कळत नव्हतं, पण पडदा कळत होता. चॅनलचं चिन्ह उजव्या कोपऱ्यात होतं. त्यांनी ते डावीकडे नेलं त्याला बराच काळ झाला होता. मला पक्कं आठवत होतं, कारण त्या वेळी माझी जाहिरातीची जागा गेली होती आणि मला ती हलवावी लागली होती. आणि खालची भावांची ओळ कोणीतरी कापून टाकली होती.

"भाऊ, हे जुनं हाय," मी म्हटलं. "हे आत्ताचं नाही."

"जुनं असलं तर काय? माणूस तर तोच हाय ना!"

"मग भाव काहून कापले खालचे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुले दाखवाचं नसन तर नको दाखवू. पण पोलिसासारखं इचारू नको बाप्पा."

तो गेल्यावर मी ताईंकडे गेलो. ताईंनी कॉम्प्युटर उघडला. चॅनलच्या स्वतःच्या साइटवर जुने कार्यक्रम असतात, त्यात शोधत बसलो. चहा दोनदा झाला. शेवटी सापडला. तोच माणूस, तोच कोट, तेच बोलणं. आणि भाऊच्या फोनवर जिथे संपलं होतं त्याच्या पुढचं वाक्य असं होतं, की धंदा चांगला असला तरी या कंपनीवर कर्ज फार आहे, आणि मी तरी हात लावणार नाही.

ताईंनी ते वाक्य पुन्हा एकदा लावलं. मग बाजाराच्या साइटवर गेल्या. कंपनीचा हिशेब तपासणारा मधेच काम सोडून गेला होता. मालकांनी स्वतःचा हिस्सा कमी केला होता. सगळं तिथे लिहिलेलं होतं, कोणीही वाचावं असं.

"मालकच विकतोय," ताई म्हणाल्या. "घेतोय कोण? आपलं गाव."

मी तडक दुकानात गेलो. टीव्ही मोठ्यानं चालू होता, काउंटरभोवती माणसं. त्यातल्या बऱ्याच जणांनी भाऊच्या सांगण्यावरून तोच शेअर घेतला होता. मी भाऊला आत बोलावलं, गोदामाच्या दाराशी उभं राहून त्याला ताईंकडे सापडलेलं पुढचं वाक्य ऐकवलं. तो ऐकत होता, पण डोळे फोनवरच्या हिरव्या आकड्यांवर.

"मंग वर काहून जाऊन राह्यला?" तो म्हणाला. "सांग ना! तुह्या बाईले समजते, आन् साऱ्या बाजारले समजत नाही?"

"ते मले नाही सांगता येत. पण हे कापलेलं हाय भाऊ. कोणीतरी मुद्दाम कापलं. अर्धं तरी वीक."

"तुले माह्यं चांगलं पाहवत नाही परकाश." हे तो हळू आवाजात म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

ताईंनी त्या संध्याकाळी बातमीपत्रात कोणाचं नाव घेतलं नाही. एवढंच सांगितलं, की सौर पंपाच्या एका कंपनीबद्दल जो व्हिडिओ फिरतोय तो जुना आणि अर्धा आहे, पूर्ण कुठे पाहायचा ते असं, कंपनीनं काय कळवलंय ते वाचायचं असं. मी त्यांच्या मागे कॉम्प्युटरचा पडदा दाखवत होतो, कुठे दाबायचं ते. दुसऱ्या दिवशी भाऊनं निरोप पाठवला. बातमीपत्राला त्याच्या दुकानाचं नाव आता नको.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. शेअर वरच गेला. रोज. बाजारात माझ्याकडे बघून लोक हसत. एका कारकुनानं मला हॉटेलात अडवलं. "तुमच्या बातमीमुळे मी विकला. किती गेले माहे, भरून देता का?" ताईंना कोणी भाजीच्या दुकानात म्हणालं, म्हातारपणी कायले नाही त्या भानगडीत पडता. त्या दिवशी बातमीपत्राच्या आधी पावडर लावता लावता त्या थांबल्या.

"राठोड, आपण चुकलो असू तर?"

"तुम्ही भाव पडंल असं कुठं म्हटलं ताई? व्हिडिओ कापलेला हाय एवढंच म्हटलं."

"तेच. लोकांना तेवढं पुरत नाही." आणि मग कॅमेऱ्यासमोर बसल्या.

एक दिवस शेअर खाली आला. दुसऱ्या दिवशी आणखी खाली. बाहेरच्यांना सांगायला हवं, एखादा शेअर एका दिवसात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पडू दिला जात नाही. तिथे तो थांबतो. पण थांबतो म्हणजे सावरतो असं नाही. सगळे विकायला उभे, घ्यायला कोणीच नाही, अशी ती अवस्था. पडद्यावर भाव दिसतो, पण त्या भावाला गिऱ्हाईक नसतं. भाऊ रोज सकाळी बाजार उघडायच्या आधी विक्रीला लावायचा आणि दुपारपर्यंत काही व्हायचं नाही. हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं. पुसदला दुसरं दुकान टाकायचं म्हणून बाजूला ठेवलेलं त्यात अडकलं होतं. साळ्यानं घरी येणं सोडलं.

दुकानातला टीव्ही बंद झाला. भजनही नाही. ग्रुप तर कधीच नाहीसा झाला होता, चालवणारा कोण, कुठला, कोणालाच माहीत नव्हतं. पोलिसांत कोणी गेलं नाही. लाज वाटते माणसाला. ज्यांनी आमचं ऐकून वेळेत विकला होता, त्यातलं कोणी आमच्याकडे आलं नाही. तो हॉटेलातला कारकूनही नाही. वाचलेला माणूस सहसा सांगायला येत नाही, हे मला तारांच्या धंद्यातही माहीत होतं. चालू टीव्हीची तक्रार कोण करतो?

मी मात्र रोज त्याच्या दुकानावरून जात होतो. तो मान वर करत नव्हता. आमची एवढ्या वर्षांची मैत्री, पण मध्ये काय उभं होतं ते धड पकडताही येईना. मी बरोबर होतो याचं मला सुख नव्हतं. उलट कधीकधी वाटायचं, चुकलो असतो तर त्यानं सगळ्यांना चहा पाजला असता आणि मलाही दोन शिव्या देऊन पाजला असता.

दरम्यान केबल आटत गेली. घराघरांत लोक फोनवरच पाहू लागले. मी छत्र्या भंगारात दिल्या आणि इंटरनेटच्या तारा ओढायला लागलो. गावाचं चॅनलही आता फोनवरच दिसतं. यवतमाळला शिकणारी पोरं, पुण्यात नोकरीला गेलेली पोरं कापसाचे भाव तिथून बघतात.

एका दुपारी मी ताईंकडे नवी तार जोडत होतो. ताई एका कीटकनाशकांच्या कंपनीची तिमाहीची बैठक ऐकत होत्या. मोठ्या कंपन्या निकाल लागले की गुंतवणूकदारांचे प्रश्न घेतात आणि त्याचं ध्वनिमुद्रण सगळ्यांसाठी ठेवतात. तासभर इंग्रजीत आकडे. मला त्याच्याइतकी झोप आणणारी गोष्ट दुसरी माहीत नाही.

दार वाजलं. गजाननभाऊ होता. मला पाहून तो उंबऱ्यातच थबकला. मी शिडीवर, हातात पक्कड. मलाही उतरावं की नाही ते सुचेना.

"या गजाननराव," ताई म्हणाल्या. "बसा."

तो खुर्चीच्या काठावर बसला. बराच वेळ टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "ताई, मले पाहाचं कसं ते शिकवा. घ्याचं नाही काही. आता घ्यालेही काही नाही उरलं. पण पोरगं मोठं होऊन राह्यलं, तेही फोन पाह्यते. त्याले सांगाले तर मले आलं पाह्यजे ना."

"मग हेच ऐका," ताई म्हणाल्या. "मी मराठीत सांगत जाते."

ताई एकेक वाक्य सांगत होत्या. विक्री इतकी वाढली, खर्च असा झाला. भाऊ आज्ञाधारक पोरासारखा मान हलवत होता. "इतकं कंटाळवाणं असते?" त्यानं मध्येच विचारलं. "असतं," ताई म्हणाल्या. मी शिडीवरच बसून राहिलो. तार कधीच जोडून झाली होती.

मग त्या ध्वनिमुद्रणात कोणीतरी कंपनीच्या साहेबाला विचारलं, दुकानदारांकडे न विकलेला माल किती पडून आहे. साहेब म्हणाला, फार थोडा, हंगाम चांगला गेला, दुकानं जवळजवळ रिकामी आहेत. ताईंनी ते मराठीत सांगितलं.

भाऊ खुर्चीवरून उठलाच. "कायचा थोडा? माह्या गोदामात खोकी थप्पी लावून पडली हायेत! दारव्ह्याच्या, आर्णीच्या दुकानदाराले इचारा. परत न्या म्हणून फोन करून थकलो, माणूसच पाठवून नाही राह्यले. खोटं बोलून राह्यला तो!"

ताईंनी आवाज थांबवला.

"बाकीच्या जिल्ह्यांत रिकामी असतील," त्या सावकाश म्हणाल्या. "सगळीकडे तुमच्यासारखंच असेल असं नाही."

"असन. मी माह्यं सांगून राह्यलो."

"ते तरी कोण सांगतंय गजाननराव? दोन दिवसांपासून ही कंपनी सगळ्या चॅनलवर आहे. गोदामात जाऊन आलेला एकही माणूस मी ऐकला नाही."

भाऊ खाली बसला. पहिल्यांदाच त्यानं वर, माझ्याकडे पाहिलं. "उतर ना बे खाली," म्हणाला. "किती वेळ बसतं माकडावाणी."

मी उतरलो.

पुढच्या शुक्रवारी तो आमच्या बातमीपत्रात बसला. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल, हात कुठे ठेवावे ते समजत नव्हतं. कोणत्या औषधाला उठाव आहे, कोणतं पडून आहे, कोणत्या बियाण्याची पिशवी मागूनही येत नाही, एवढं त्यानं सांगायचं ठरलं होतं. मी बोटानं खूण केली. त्यानं घसा साफ केला, एकदा ताईंकडे पाहिलं आणि सुरुवात केली.

"मी जे सांगून राह्यलो ते फक्त माह्या दुकानातलं हाय. तेवढंच म्या पाह्यलं. त्याच्या भाईरचं मले मालूम नाही."